दुष्काळ, दुर्भिक्ष आणि फॅमिन : एका शब्दावर पडलेला दुहेरी भार

ऑगस्ट २०२५ मध्ये गाझात दुष्काळ जाहीर झाल्याची बातमी मराठीत वाचल्यावर ‘तिथे पाऊस पडला नाही का?’ असा प्रश्न मनात आला, आणि त्यातूनच दुष्काळ, अवर्षण, टंचाई, उपासमार या शब्दांत नेमका फरक काय व इंग्रजी ‘फॅमिन’साठी मराठीत काय लिहावे, असे आपण विचारले आहे. शेती, अन्नसुरक्षा आणि मदतकार्य या विषयांवरील मजकुराचे भाषांतर आणि संपादन मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि या कामात दुसऱ्या कोणत्याही शब्दाने मला इतके अडवलेले नाही. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

आपल्या मनात पावसाचा प्रश्न आला, यात आपली काही चूक नाही. मराठीत ‘दुष्काळ’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पाऊस न पडणे किंवा फार कमी पडणे, त्यामुळे पिके जाणे, विहिरी आटणे, जनावरांना चारा न मिळणे ही पहिली गोष्ट; तिला इंग्रजीत ‘ड्रॉट’ म्हणतात. अन्न न मिळाल्यामुळे माणसे मोठ्या संख्येने खंगणे आणि मरणे ही दुसरी गोष्ट. तिला ‘फॅमिन’ म्हणतात. पहिली निसर्गातली घटना आहे आणि दुसरी समाजातली. पहिलीतून दुसरी उद्भवू शकते, पण उद्भवलीच पाहिजे असे नाही. आणि पहिली अजिबात नसतानाही दुसरी येऊ शकते. एकदा भाषांतरात ‘प्रत्येक ड्रॉटचे रूपांतर फॅमिनमध्ये होत नाही’ अशा अर्थाचे वाक्य माझ्यापुढे आले. नेहमीचे शब्द वापरले असते तर ‘प्रत्येक दुष्काळाचा दुष्काळ होत नाही’ असे काहीतरी हाती लागले असते. त्या दिवसापासून मी हे दोन अर्थ काटेकोरपणे वेगळे ठेवू लागलो.

शब्दांच्या मुळांकडे पाहिले तर गुंता कुठे झाला ते कळते. ‘दुष्काळ’ म्हणजे दुस् अधिक काल, अर्थात वाईट काळ. या शब्दात पाऊसही नाही आणि अन्नही नाही. आहे तो केवळ काळ. ग्रामीण बोलीत ‘दुकाळ’ किंवा नुसते ‘काळ पडला’ असेही म्हणतात. काळ कशामुळे वाईट झाला, हे शब्द सांगत नाही, ऐकणाऱ्याने ते परिस्थितीवरून समजून घ्यायचे असते. ‘अवर्षण’ आणि ‘अनावृष्टी’ हे शब्द याच्या उलट अगदी नेमके आहेत : वर्षाव नाही, वृष्टी नाही, एवढेच ते सांगतात. ‘फॅमिन’चे मूळ लॅटिनमधील ‘फामेस’ या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ आहे भूक. म्हणजे इंग्रजी शब्द थेट माणसाच्या पोटाशी जोडलेला आहे, तर आपला शब्द काळाशी.

आपल्याकडे भुकेशी जोडलेला जुना शब्द नव्हता असे मात्र नाही. ‘दुर्भिक्ष’ हा तो शब्द. दुर् अधिक भिक्षा : जेव्हा भिक्षा मिळणे कठीण होते ती स्थिती, आणि त्याच्या उलट ‘सुभिक्ष’. मला हा शब्द फार अर्थपूर्ण वाटतो. कोठारात किती धान्य आहे किंवा शेतात किती पिकले, हे तो विचारत नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या झोळीत काही पडते की नाही, हे विचारतो. गृहस्थाचा हात आखडू लागला की ते सर्वांत आधी भिक्षेकऱ्याला कळते, म्हणून ही मोजणी खालून वर जाणारी आहे. आज बोलताना ‘दुर्भिक्ष’ हा शब्द ‘औषधांचे दुर्भिक्ष’, ‘चांगल्या शिक्षकांचे दुर्भिक्ष’ अशा ‘तुटवडा’ या सौम्य अर्थाने उरला आहे आणि त्याची मूळ धार गेली आहे, याचे मला वाईट वाटते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अग्नी, पूर, रोगराई इत्यादी आठ दैवी महाभयांमध्ये दुर्भिक्षाची गणना केली आहे. आणि त्याच ठिकाणी अशा वेळी राजाने बियाणे व अन्न देऊन प्रजेवर अनुग्रह करावा, किंवा अन्नाच्या मोबदल्यात दुर्ग आणि बंधारे यांची कामे काढावीत, असेही सांगितले आहे. संकट दैवी म्हटले, तरी उपाय राजाचा.

मग मराठीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात का मिसळले? माझ्या मते याचे कारण दख्खनच्या पठाराच्या भूगोलात आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात शेती जवळजवळ पूर्णपणे पावसावर अवलंबून होती. पाऊस गेला की पीक गेले, आणि पिकाबरोबर शेतमजुराचे कामही गेले. बाहेरून धान्य आणायचे तर ते बैलांच्या पाठीवर लादून आणावे लागे, आणि चारापाणी नसलेल्या मुलखातून बैलांचे तांडे चालवता येत नसत. म्हणजे ज्या कारणाने पीक बुडाले, त्याच कारणाने मदतीची वाटही बंद होई. अवर्षण आणि उपासमार यांच्यामध्ये एका हंगामाचेही अंतर राहत नसे, त्यामुळे दोन वेगळ्या शब्दांची गरजच भासली नसावी. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने गुजरात, खानदेश आणि दख्खन उद्ध्वस्त केले, आणि तुकाराम महाराजांनी त्याविषयी स्वतःच सांगून ठेवले आहे : दुष्काळाने द्रव्य आटवले, मान नेला आणि एक पत्नी ‘अन्न अन्न’ करीत गेली. तिथे ‘दुष्काळ’ या शब्दाचा अर्थ निःसंशय फॅमिन हाच आहे. पाऊस किती पडला याचा उल्लेख नाही. संपत्ती, प्रतिष्ठा आणि प्राण या क्रमाने माणूस कसा संपत जातो ते आहे. दुष्काळाचे इतके अचूक वर्णन मला आधुनिक अहवालांतही क्वचितच आढळले आहे.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा याच दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. बिदरच्या बादशहाची धान्याची कोठारे त्यांनी भुकेल्या लोकांसाठी खुली केली, असे परंपरा सांगते. कथेतील चमत्काराचा भाग श्रद्धेचा आहे. पण तिच्यात गृहीत धरलेली वस्तुस्थिती अशी की धान्य होते, ते लोकांपर्यंत पोहोचत नव्हते. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्य आणि दुष्काळ यांविषयीच्या ग्रंथात हाच मुद्दा अर्थशास्त्राच्या परिभाषेत मांडला : उपासमार म्हणजे काही लोकांकडे पुरेसे अन्न नसणे, देशात पुरेसे अन्न नसणे नव्हे. मजुरी थांबली, भाव वाढले किंवा विणकराच्या कापडाला गिऱ्हाईक उरले नाही, तर भरलेल्या बाजारासमोरही माणूस उपाशी राहतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात ग्रामीण मजूर, मच्छीमार आणि कारागीर मेले; ज्यांच्या हाती भात होता किंवा ज्यांना सरकारी व्यवस्थेतून धान्य मिळत होते ते बहुतांशी वाचले.

बंगालचे उदाहरण शब्दाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, पण त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाखे, म्हैसूर आणि हैदराबाद या प्रदेशांत लाखो माणसे मेली. त्याच काळात देशातून धान्याची निर्यात चालू होती, आणि सरकारने दुष्काळी भागांच्या पाहणीसाठी पाठवलेले अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीवरून मदतकामावरील पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली गेली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने तेव्हा गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. पुढे १८८० मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. या संहितांनी ‘स्केअर्सिटी’ आणि ‘फॅमिन’, म्हणजे टंचाई आणि दुष्काळ, असा पायऱ्यांचा भेद केला; धान्याचे भाव, लोकांचे गाव सोडून भटकणे, चाचणीदाखल काढलेल्या कामांवर होणारी गर्दी या खुणा ठरवून दिल्या; आणि दुष्काळ जाहीर झाला की काय काय करणे बंधनकारक आहे तेही लिहून ठेवले. त्या क्षणापासून हा शब्द केवळ वर्णनाचा राहिला नाही. तो उच्चारला की तिजोरी उघडावी लागे. आणि म्हणूनच तो न उच्चारण्याचे कारणही निर्माण झाले. १९४३ मध्ये बंगालात संहितेनुसार दुष्काळ कधीच जाहीर केला गेला नाही. अधिकृत चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज त्याच्या दुपटीच्या आसपास जातात.

महाराष्ट्रातील याचा पुढचा अध्याय फार थोड्यांना ठाऊक असतो. १९६३ मध्ये राज्याने एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी ‘स्केअर्सिटी’ हा शब्द घातला. त्यामागचे कारण असे दिले होते की शेतीच्या स्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदत सुरू होते, त्यामुळे फॅमिनची परिस्थिती उद्भवण्यास आता वाव उरलेला नाही. हा दावा पोकळ होता असे मी म्हणणार नाही. नऊच वर्षांनी, १९७२-७३ मध्ये, त्याची कसोटी लागली. त्या अवर्षणात पिकांचे जे नुकसान झाले ते पाहता पूर्वीच्या काळी लाखोंनी माणसे मेली असती. पण १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या जवळ गेली, मजुरीमुळे लोकांच्या हाती पैसा आला आणि तशी प्राणहानी टळली. लोक अर्धपोटी राहिले, जनावरे गेली, कुटुंबे कायमची स्थलांतरित झाली, हे सगळे खरे. तरीही ते फॅमिन नव्हते. त्या अनुभवातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ चा आणि अंमल १९७९ पासूनचा. पण खडी फोडणाऱ्या आणि मदत म्हणून मिळणारे सुकडी हे कोरडे खाद्य खाऊन दिवस काढणाऱ्या पिढीने त्या वर्षाला ‘बहात्तरची टंचाई’ असे कधीच म्हटले नाही. ती ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणते, आणि तिच्या भाषेत ते बरोबरच आहे.

कायद्यातून शब्द गेला तो शासकीय मराठीत अनेक रूपांनी परत आला. ‘टंचाईग्रस्त’, ‘टंचाईसदृश’, ‘दुष्काळसदृश’ ही ती रूपे. ‘सदृश’ या तीन अक्षरांत केवढा प्रशासकीय संकोच भरलेला आहे, हे ज्यांनी पैसेवारीच्या, म्हणजे गावातील पिकाच्या सरकारी अंदाजाच्या, आकड्यांची वाट पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पूर्वी सोळा आण्यांचे पीक म्हणजे पूर्ण पीक असे धरून आणेवारी काढली जाई, दशमान नाणी आल्यावर तिची पैसेवारी झाली, आणि ५० पैशांच्या आत आलेले गाव सवलतींना पात्र ठरू लागले. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही राज्यांच्या दुष्काळ मान्य न करण्याच्या वृत्तीवर कठोर शब्दांत टीका केली आणि केंद्राला दुष्काळ संहिता सुधारण्यास सांगितले. त्यानंतर आलेल्या २०१६ च्या संहितेत पावसाची तूट व खंड, पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओल, भूजल व जलाशय असे निर्देशांक आणि शेवटी काही निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी, अशी पद्धत आहे. योगायोग असा की त्याच वर्षी भारतीय हवामानशास्त्र विभागाने मात्र आपल्या परिभाषेतून ‘ड्रॉट’ हा शब्द वगळून ‘तुटीचे वर्ष’ अशा अर्थाचा शब्द स्वीकारला. शास्त्रीय दृष्ट्या तो निर्णय समजण्यासारखा आहे, कारण पावसाची तूट मोजणे हे त्या विभागाचे काम आहे आणि दुष्काळ ठरवणे हे राज्याचे.

थोडक्यात, सरकारी मराठीतला आजचा ‘दुष्काळ’ म्हणजे ड्रॉट. अतिवृष्टीने पिके कुजली की शेतकरी ज्याला ‘ओला दुष्काळ’ म्हणतात तो वर्ग या संहितेत नाही, कारण संहिता पाण्याच्या अभावाची आहे. लोकांच्या बोलीत मात्र तो शब्द अगदी सुसंगत आहे, कारण बोलीतला दुष्काळ म्हणजे अजूनही ‘वाईट काळ’, मग तो कोरडा असो की ओला. ओला दुष्काळ जाहीर करावा की नाही, या दरवर्षी होणाऱ्या वादात दोन्ही बाजू एकच शब्द दोन अर्थांनी वापरत असतात.

आता गाझाकडे येऊ. तिथे जाहीर झाले ते फॅमिन, आणि आंतरराष्ट्रीय व्यवहारात त्याची व्याख्या आता काटेकोर आहे. अन्नसुरक्षेची स्थिती पाच टप्प्यांत मोजणारी, ‘आयपीसी’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत २००४ मध्ये सोमालियात आकाराला आली. तिच्या पाचव्या टप्प्यात एखादा प्रदेश फॅमिनमध्ये आहे असे म्हणण्यासाठी तीन गोष्टी लागतात : किमान २० टक्के कुटुंबांना अन्नाची पराकोटीची वानवा, ३० टक्क्यांहून अधिक बालकांमध्ये तीव्र कुपोषण, आणि भुकेमुळे किंवा भूक व रोग यांच्या संयोगामुळे दर दहा हजार लोकांमागे दररोज किमान दोन मृत्यू. हा शेवटचा आकडा लहान वाटतो म्हणून हिशेब करून पाहावा. एक लाख वस्तीच्या गावात याचा अर्थ रोज २० मृत्यू, महिन्याला ६००. भारतातल्या सर्वसाधारण मृत्युदराने तेवढ्याच वस्तीत रोज सुमारे दोन मृत्यू होतात. आणि हे बहुतेक मृत्यू केवळ रिकाम्या पोटाने होत नाहीत. खंगलेल्या शरीराला अतिसार, गोवर, हिवताप संपवतात. म्हणूनच मृत्यूच्या दाखल्यावर रोगाचे नाव येते आणि ‘भूकबळी’ हा शब्द कागदावर क्वचितच उमटतो.

या पद्धतीनुसार २०११ मध्ये दक्षिण सोमालिया, २०१७ मध्ये दक्षिण सुदानचा काही भाग, २०२४ मध्ये सुदानमधील झमझम ही विस्थापितांची छावणी आणि २०२५ मध्ये गाझा पट्टीचा काही भाग हे प्रदेश फॅमिनमध्ये असल्याचे ठरवण्यात आले. यांपैकी केवळ सोमालियात अवर्षण हे एक मोठे कारण होते, आणि तिथेही युद्धामुळे मदत अडली होती. सोमालियात त्या संकटात सुमारे २ लाख ६० हजार माणसे गेली, त्यांत निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालील मुले, आणि त्यांतील बरेच मृत्यू जाहीर घोषणेच्या आधीच होऊन गेले होते. फॅमिनची घोषणा ही धोक्याची सूचना नसते. खूप उशीर झाल्याची ती नोंद असते. मराठी बातम्यांत ‘दुष्काळाचा इशारा’ आणि ‘दुष्काळ जाहीर’ यांची सरमिसळ होते, ती टाळली पाहिजे, कारण चौथ्या टप्प्यातही माणसे मरतच असतात.

शब्दाइतकेच महत्त्व क्रियापदाला आहे, आणि मराठीत ही बाजू फारशी कोणी पाहत नाही. आपल्याकडे दुष्काळ ‘पडतो’, पाऊस पडतो किंवा थंडी पडते तसा. या क्रियापदाला कर्ता नाही. अवर्षणासाठी ते योग्यच आहे. पण रस्ते अडवून, धान्याची वाहने रोखून, शेते जाळून किंवा माणसांना वेढ्यात ठेवून आणलेल्या उपासमारीला ‘दुष्काळ पडला’ म्हटले की ज्याने ते केले तो वाक्यातूनच नाहीसा होतो. इतर भाषांनी या प्रश्नाशी झुंज दिलेली आहे. १८४५ नंतर बटाट्यावर रोग पडल्याने आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली, पण त्याच वेळी तिथून इतर अन्न बाहेर जात होते. म्हणून अनेक आयरिश लोक ‘फॅमिन’ न म्हणता ‘महाभूक’ म्हणणे पसंत करतात. १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये घडले त्याला तिथले लोक ‘होलोदोमोर’ म्हणतात, भूक आणि संहार या दोन शब्दांचा जोड. उलट १९५९ ते १९६१ या काळात चीनमध्ये कोट्यवधी माणसे मेली, त्या काळाला सरकारी भाषेत ‘नैसर्गिक आपत्तीची तीन वर्षे’ असे नाव दिले गेले. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने उपासमारीचा युद्धातील शस्त्र म्हणून वापर करण्याचा ठराव क्रमांक २४१७ द्वारे निषेध केला, तेव्हा भूक ‘पडत’ नाही, ती आणली जाऊ शकते, हे औपचारिकरीत्या मान्य झाले.

म्हणून मी स्वतः पाळत असलेली पद्धत सांगतो. केवळ पावसाच्या तुटीविषयी लिहायचे असेल तर मी ‘अवर्षण’ लिहितो. महाराष्ट्रातील पिके, पाणी, चारा, मजुरी यांचे एकत्रित संकट असेल तर ‘दुष्काळ’. तो शब्द इथल्या वाचकाच्या अनुभवाचा आहे आणि तो हिरावून घेण्यात अर्थ नाही. एखाद्याच वस्तूची कमतरता असेल तर ‘टंचाई’. पाण्याच्या टंचाईला ‘पाण्याचा दुष्काळ’ म्हणणे बोलताना चालते, अहवालात नाही. ‘कुपोषण’ हा वर्षानुवर्षे चालणाऱ्या स्थितीचा शब्द आहे. एखाद्या आदिवासी भागात बालके त्यामुळे दगावत असतील तर ते गंभीर आहे, पण तेवढ्यावरून तो प्रदेश फॅमिनमध्ये आहे असे ठरत नाही. हिंदीने ‘सूखा’ आणि ‘अकाल’ असा सोयीचा भेद ठेवला आहे; मात्र मराठीत ‘अकाल’ म्हणजे अवेळी असा अर्थ रूढ असल्याने तो शब्द उसना घेता येत नाही. राहिले फॅमिन. त्यासाठी मी पहिल्या उल्लेखात ‘अन्नाचा दुष्काळ’ किंवा ‘दुर्भिक्ष’ लिहून त्याचा अर्थ एका वाक्यात उलगडतो, आणि पुढे ‘व्यापक उपासमार’ वापरतो. नुसती ‘उपासमार’ पुरेशी नाही, कारण ती एका कुटुंबाचीही असू शकते.

आपण वाचलेली ती बातमी माझ्याकडे संपादनासाठी आली असती, तर ‘गाझामध्ये दुष्काळ जाहीर’ हा मथळा बदलून ‘गाझामध्ये व्यापक उपासमार; अन्नाचा पुरवठा रोखल्याने दुर्भिक्षाची सर्वोच्च पातळी गाठल्याचे जाहीर’ असा केला असता. तो लांब झाला असता आणि पानावर बसवण्यासाठी दुसरे काहीतरी काढावे लागले असते, पण तो वाचून पाऊस पडला नाही का, असे कोणी विचारले नसते. अन्न कोणी रोखले, असे विचारले असते.